पार्किंग ग्रुप: नवीन बीएमडब्ल्यू थ्री सिरीजचं तोंड आणि आपल्या मशीन पार्किंगचा पॅलेट

मंदार (ए-११०४): मंडळी हा फोटो बघा, नवीन थ्री सिरीज म्हणून सगळीकडे फिरतोय. किडनी ग्रिल, म्हणजे ती नाकावरची दोन जाळ्यांची जोडी, आडवी ओढून पार दिव्यांपर्यंत नेलीये, क्रोम गायब, नुसती लाइटची पट्टी. हे खरं असेल तर आपण नाय घेणार बाबा

पाटील (सी-२०४): नाय घेणार म्हणजे एरवी घेणार होतास का

मंदार: ईएमआय कॅल्क्युलेटर रोज उघडतो मी. बघायला पैसे पडत नाहीत

शिंदे काकू (बी-५०३): कुठली गाडी? गेटसमोर उभी आहे तीच का? तिच्यामुळे टँकर आत येत नाहीये, वॉचमन केव्हाचा शिट्ट्या मारतोय

मंदार: नाही काकू, ही अजून बाजारातच आली नाहीये

शिंदे काकू: मग गेटवरची कोणाची आहे ते आधी बघा

सई (ए-१२०२): मंदारदादा फोटो खरा नाहीये, पण अगदी हवेतला पण नाही. २०२३ च्या सप्टेंबरात म्युनिकच्या शोला बीएमडब्ल्यूने व्हिजन नॉया क्लासा नावाची कॉन्सेप्ट सेडान, म्हणजे नुसती दाखवायची गाडी, आणलेली, तिचं तोंड असंच होतं, दोन्ही किडन्या आणि दिवे एकाच आडव्या चौकटीत. मग २०२५ च्या सप्टेंबरात तिथेच आयएक्स३ आली, ती एसयूव्ही, आणि तिला मात्र मधे दोन बारीक उभ्या किडन्या. म्हणजे एसयूव्हीला उभी, सेडानला आडवी अशी वाटणी दिसतेय. हे ज्याने काढलं त्याने कॉन्सेप्टचं तोंड उचललं आणि आत्ताच्या गाडीला चिकटवलं. दरवाजे बघ ना, जुनेच आहेत

पाटील: आमच्या मर्सिडीजने नवीन इलेक्ट्रिक जीएलसीच्या ग्रिलमध्ये ९४२ ठिपके पेटवलेत. त्यापुढे ही पट्टी म्हणजे काहीच नाय

नेहा (सी-६०५): ९४२?? गणपतीत आपण मखराला एवढे लावत नाही

मंदार: पाटील तुझी "आमची मर्सिडीज" म्हणजे काकांची २०१२ ची सी क्लास ना जी तू वर्षातून एकदा लग्नाला आणतोस. आणि एक लक्षात ठेव, १९५९ च्या डिसेंबरात बीएमडब्ल्यू जवळजवळ तुमच्याच घशात गेली होती, मर्सिडीजवाली डायम्लर-बेंझ विकत घ्यायला बसलेली, छोट्या शेअरहोल्डरांनी आणि डीलरांनी मीटिंगमध्ये आडवं घातलं म्हणून वाचली. मग क्वांट नावाच्या उद्योगपतीने पैसे ओतले आणि १९६१ ला जी १५०० आणली तिलाच नॉया क्लासा म्हणायचे. तिच्यावर कंपनी उभी राहिली. तेच नाव आता परत काढलंय म्हणजे बघा किती सिरियस आहेत

कुलकर्णी काका (बी-३०२): नॉया क्लासा म्हणजे काय रे

मंदार: नवीन वर्ग काका. जर्मन

कुलकर्णी काका: बरं. म्हणजे पहिलीतच परत बसवलं

सई: हाहाहा काका

सई: पण दादा तू तोंडावर अडकलायस ना तिथेच गडबड होते. टेस्टिंगच्या गाड्यांवर तो काळापांढरा गोलगोल नक्षीचा कागद असतो ना, तो कॅमेऱ्याचा फोकस आणि आपली नजर दोन्ही फसवायलाच असतो, आणि त्याच्या खाली परत फोम आणि प्लास्टिकचे खोटे तुकडे लावतात, कधीकधी दिवे पण खोटे. म्हणजे तोंड लपवता येतं. पण काय लपत नाही माहितीये का, खिडक्यांचा आकार, चाकं किती मोठी, दोन चाकांमधलं अंतर, आणि पुढचं चाक दरवाजापासून किती लांब आहे ते. आमचे सर पहिल्या दिवशी हेच सांगतात, बाजूने बघा. थ्री सिरीज ओळखू येते ती त्याच्यावर, पुढचं चाक एकदम नाकाशी आणि मग लांब बॉनेट

मंदार: म्हणजे रियर व्हील ड्राइव्हची ठेवण, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना

सई: हो. आणि मागच्या खिडकीच्या कोपऱ्यात तो पुढे वळलेला बाक, हॉफमायस्टर किंक, तो पण १९६१ पासूनचा. आत्ताच्या गाडीत काचेतून काढून मागच्या खांबात ढकललाय त्यांनी, लोकांनी त्याच्यावरून पण आरडाओरडा केला. माझा अंदाज नवीनमध्ये काचा मोठ्या होणार आणि बाजूच्या रेघा कमी होणार. कॉन्सेप्टला जवळजवळ नव्हत्याच

नेहा: रेघा कमी म्हणजे साधी दिसणार? एवढे पैसे देऊन साधी?

कुलकर्णी काका: (बोलून टाइप करतोय चुका सांभाळून घ्या) मी वागळे इस्टेटला टूलरूममध्ये ३२ वर्षं काढली तर साधं म्हणजे काय ते मी सांगतो पत्र्याला रेघ मारणं अवघड वाटतं लोकांना पण रेघ पत्र्याला उलट ताकद देते आणि चूक झाकते डायमध्ये म्हणजे साच्यात पत्रा खेचला की कोपऱ्यात फाटतो नाहीतर सुरकुत्या पडतात आणि दाब सुटला की स्प्रिंगबॅक होतो म्हणजे थोडा परत उघडतो हे सगळं रेघेच्या बाजूला खपून जातं पण मोठा साधा पॅनेल काढायचा म्हणजे आम्ही ट्यूबलाइटखाली तेल पुसून बघायचो ट्यूबचं प्रतिबिंब सरळ दिसलं पाहिजे जरा लाट आली की डाय परत पॉलिशला आणि परत ट्रायल असे आठ आठ दिवस जायचे एका दरवाजाला त्यामुळे ही पोरगी म्हणते तशी बिनरेघेची गाडी आली तर समजा कारखान्याला स्वतःवर भरवसा आहे

सई: काका हे मी सबमिशनमध्ये लिहू का

कुलकर्णी काका: लिही. कंपनीचं नाव घालू नकोस

नेहा: काका आदर वाढला तुमच्याबद्दल. पण साधा पत्रा आपल्या बेसमेंटमध्ये आठ दिवस टिकणार नाही, वरच्या मजल्यावरची पोरं सायकल घासून नेतात, माझ्या बलेनोला दोन रेघा कंपनीच्या आणि तीन सोसायटीच्या आहेत

पाटील: हे ग्रिलचं दर वेळेस असतं. २०२० ला फोर सिरीज आली तेव्हा ते बीव्हरचे दात म्हणून जगभर हसले. आता रस्त्यात दिसते तेव्हा कोण वळून बघतं

मंदार: मी बघतो

पाटील: तू टेम्पो ट्रॅव्हलरला पण वळून बघतोस

मंदार: बरोबर आहे पण. २००१ च्या सेव्हन सिरीजची डिकी आठवतेय का कोणाला, वर झाकण ठेवल्यासारखी. क्रिस बँगल डिझाइन हेड होता, त्याला काढा म्हणून इंटरनेटवर सह्या गोळा केल्या लोकांनी. आणि पाच वर्षांत बाकीच्या कंपन्यांच्या डिक्या तशाच. म्हणून मी आज शिव्या घालतोय पण लिहून ठेवा, तीन वर्षांनी मीच म्हणेन काय क्लासिक लाइन आहे

नेहा: मग आत्ताच म्हण ना वेळ वाचव

नेहा: मला आतलं सांगा. बाहेरचं तोंड बाहेरचे बघणार, आत बसून मला घोडबंदरवर दीड तास काढायचाय

सई: आतलं बरंच आयएक्स३ वरून कळतं ताई कारण तेच सगळ्या नॉया क्लासा गाड्यांना येणार आहे. पुढच्या काचेच्या तळाशी या खांबापासून त्या खांबापर्यंत काळी पट्टी आणि स्पीड वगैरे सगळं तिच्यावर. मधे एक तिरका टचस्क्रीन. आणि स्क्रीन चालवायचा तो आयड्राइव्हचा गोल खटका गेला

मंदार: तो खटका गेला हे मला ग्रिलपेक्षा जास्त लागलंय. २००१ पासून होता. खड्ड्यातून जाताना टचस्क्रीनवर बोट एकीकडे आणि बटण दुसरीकडे, खटका कसा न बघता हाताला लागायचा. म्युनिकला रस्ते गुळगुळीत असतील, इकडे मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत मेट्रोच्या खांबांखालून जाऊन बघ म्हणावं टच करत

नेहा: आणि स्टिअरिंग?

सई: ते बघून तुम्ही हसाल. दांड्या डावीउजवीकडे नाहीत, वरखाली आहेत

शिंदे काकू: शिवणयंत्राच्या चाकासारखं?

सई: काकू 😂 थोडंसं

राणे (बी-९०१, सेक्रेटरी): चर्चा चालू द्या पण गेटसमोरची पांढरी गाडी कोणाची ते कळलं का. टँकरवाला परत गेला तर ए विंगला संध्याकाळी पाणी नाही

पाटील: माझ्या पाहुण्यांची होती. काढली. सॉरी

मंदार: हे बघा आणि मघापासून ग्रिलवर ज्ञान देतोय

पाटील: विषय बदलू नकोस. पेट्रोल घेणार की इलेक्ट्रिक ते बोल. २२ सप्टेंबर २०२५ पासून या साइजच्या पेट्रोल-डिझेलला ४० टक्के जीएसटी आणि इलेक्ट्रिकला ५ टक्के. एवढा फरक असताना माणूस आवाजासाठी पेट्रोल घेईल का. शिवाय अटल सेतूला इलेक्ट्रिकला टोल माफ

मंदार: आयात करून आणली तर कस्टममध्ये सगळं परत वसूल. बीएमडब्ल्यूच्या चेन्नईच्या कारखान्यात जोडली तरच तुझं गणित बसतं. दोन्ही येणार आहेत म्हणे, खालचा सांगाडा वेगळा पण चेहरा सारखाच ठेवणार, म्हणजे समोरून कळणार नाही कुठली. मला सहा सिलिंडरवाली थ्री सिरीज पाहिजे, एम३४०आय. ती चेन्नईलाच बनवतात, ते चालू ठेवलं तर

नेहा: तुला सहा सिलिंडर पाहिजेत, चालवणार कोण?

मंदार: मी

नेहा: वहिनी म्हणाल्या ड्रायव्हर बघतोयस

मंदार: ते फक्त ऑफिससाठी

नेहा: मग स्पोर्ट्स सेडान कशाला, मागे बसून एक्सलरेशनचा आनंद घेणार का. ऐका, माझा मुद्दा सांगते, आपल्याकडे या गाडीचं डिझाइन पुढून ठरतच नाही, मागून ठरतं. म्हणून तर २०२१ ला ग्रॅन लिमोझिन आणली ना त्यांनी, दोन चाकांमधलं अंतर ११० मिलिमीटरने वाढवून, सगळं मागच्या माणसाच्या पायाला. माझ्या साहेबांकडे आहे, मी बसलेय, मागे मस्त पाय पसरतात पण ते रोज मानपाड्याच्या स्पीडब्रेकरला ड्रायव्हरला सांगतात हळू, तिरकी घे, तिरकी घे. आता इलेक्ट्रिक आली की बॅटरी फरशीत, म्हणजे एकतर छत वर जाणार नाहीतर मागच्या सीटवर गुडघे पोटाशी. तुम्ही ग्रिलवर शंभर मेसेज टाकलेत याच्यावर एक नाही

सई: ताई हा खरंच सगळ्यात मोठा प्रश्न आहे सेडानचा. एसयूव्हीत छत वर नेलं तर कोणाला कळत नाही. सेडानमध्ये १०० मिलिमीटर वाढलं की ती टोपी घातल्यासारखी दिसते. मग डिझायनर काय करतात, चाकं मोठी करतात म्हणजे प्रमाण जमतं, आणि दाराच्या खाली काळा पट्टा देतात म्हणजे जाडी दिसत नाही. कॉन्सेप्टची चाकं बघा केवढी होती. शिवाय बॉनेट पण खाली नेता येत नाही, चालणाऱ्या माणसाला धडक बसली तर डोकं आपटायला पत्र्याखाली मोकळी जागा ठेवावी लागते युरोपात, म्हणून सगळ्यांची नाकं जाड झालीयेत. जुन्या ई३० थ्री सिरीजसारखं चपटं नाक आता नाही मिळणार कधीच

मंदार: ई३० चं नाव काढू नको जीव जळतो. १९८२ ची ती. त्या चौकोनी डब्यात जी गंमत होती

कुलकर्णी काका: तेव्हा तू जन्मला होतास का

मंदार: नाही काका

राणे: मंदार एक विचारू का. ही गाडी ठेवणार कुठे

मंदार: माझ्या स्लॉटमध्ये. वरचा पॅलेट

राणे: वरच्या पॅलेटला उंची १५५० मिलिमीटर आणि वजन २००० किलो, पाटी लावलीये मशीनवर. मागच्या एजीएमला तुम्हीच सही केली आहे

मंदार: उंची बसते, आत्ताची दीड मीटरच्या आत आहे. लांबी पण ४ मीटर ७० च्या आसपास, लांबवाली घेतली तर ४.८२

राणे: वजन?

मंदार: आत्ताची डिझेल दीड टनाच्या जवळपास, थोडी वर

पाटील: आणि इलेक्ट्रिक?

मंदार: सेडानचं कुठे आलंय अजून

सई: आयएक्स३ सव्वादोन टनांच्या वर आहे दादा. १०८ युनिटची बॅटरी आहे तिला. सेडान जरा हलकी असेल पण दोनच्या आत बसवणं...

राणे: पॅलेटवर दोन टनांच्या वर मी चढवू देणार नाही. मागच्या वर्षी चेन अडकली तेव्हा तीन दिवस चार गाड्या वर लटकत होत्या, कोणी मला फोन केले होते आठवतंय

पाटील: म्हणजे जीएसटी म्हणतो इलेक्ट्रिक घे, पॅलेट म्हणतो पेट्रोल घे

नेहा: आणि वहिनी म्हणतात घेऊच नको

मंदार: लहान बॅटरीचं व्हर्जन आलं तर? एवढी रेंज मला कशाला. आयएक्स३ चे ८०५ किलोमीटर सांगतात, मी ठाणे ते ऐरोली जातो

पाटील: आठवड्यातून तीन दिवस

कुलकर्णी काका: राणे ती २००० ची पाटी मशीनवाल्याने दिलेली आहे की आपण छापली? कारण पॅलेटवर वजन सारखं पडत नाही इंजिनवाल्या गाडीचं पुढे जास्त पडतं बॅटरीवालीचं मधे पसरतं पण शेवटी चार चाकांवरच येतं त्यामुळे चाकाखालच्या पत्र्याची जाडी बघायला पाहिजे मी उद्या सकाळी टेप घेऊन खाली येतो

राणे: काका तुम्ही मशीनला हात लावू नका

कुलकर्णी काका: हात नाही लावत टेप लावतो

(दुसऱ्या दिवशी सकाळी ७:४०)

कुलकर्णी काका: पाटी मशीनवाल्याचीच आहे. खाली सिरीयल नंबर खोदलेला आहे. २००० म्हणजे २०००. मंदारच्या पॅलेटला डावीकडच्या कडेला गंज आहे राणेंनी नोंद घ्यावी. रुंदी मोजली आत १ मीटर ९५. आरसे बंद करून आत घालावी लागेल आणि मग दार उघडून बाहेर कसा येणार ते त्याने आताच करून बघावं पोट आत घेऊन

मंदार: काका सकाळी सकाळी

कुलकर्णी काका: आणखी एक. तो कालचा फोटो मोठा करून बघितला. पुढच्या चाकाला पाच बोल्ट आहेत आणि मागच्या चाकाला सहा

मंदार: 😶

पाटील: स्क्रीनशॉट काढून ठेवलाय सगळ्याचा