मदत हवी आहे : पत्नीचा पगार, चार कर्मचारी आणि कलम ४४ एडी

नमस्कार. पॅकिंग साहित्याचा माझा घाऊक व्यवसाय गेली नऊ वर्षे माझ्या एकट्याच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटरशिप स्वरूपात, चालू आहे. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये उलाढाल १ कोटी १८ लाख रुपये होती आणि चालू वर्षी, म्हणजे २०२५-२६ मध्ये, ती १ कोटी ४० लाखांपर्यंत जाईल असे आताच्या विक्रीवरून दिसते. त्यापैकी सुमारे १ कोटी १० लाख बँकेतून येतात आणि उरलेले ३० लाख रोखीचे असतात. विवरणपत्र मी आजवर आयकर कायद्याच्या कलम ४४ एडीखाली, म्हणजे विक्रीच्या ठरावीक टक्केवारीइतके अनुमानित उत्पन्न दाखवून, नव्या करप्रणालीत भरत आलो आहे. सगळे खर्च वजा जाता या वर्षी प्रत्यक्ष नफा साडेअकरा लाखांच्या घरात राहील.

माझी पत्नी वाणिज्य शाखेची पदवीधर असून बिले काढणे, वसुलीचे फोन करणे आणि जीएसटीची आकडेवारी जुळवणे ही सगळी कामे व्यवसाय सुरू झाल्यापासून तीच पाहते. इतक्या वर्षांत तिला पगार म्हणून एक रुपयाही दिलेला नाही, हे आता माझे मलाच खटकू लागले आहे. त्यातच एका परिचितांनी सुचवले की तिला दरमहा २५,००० रुपये पगार दाखवावा, म्हणजे माझे उत्पन्न वर्षाला ३ लाखांनी कमी होईल आणि तिचे उत्पन्न करमुक्त मर्यादेत असल्याने तिलाही कर लागणार नाही. हे ऐकायला इतके सोपे वाटले की त्या सोपेपणामुळेच मला शंका आली. असे करता येते का, आणि करता येत असेल तर त्याचा खरोखर उपयोग होतो का, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न कर्मचाऱ्यांचा आहे. माझ्याकडे एक व्यवस्थापक ३८,००० रुपये पगारावर, दोन मदतनीस प्रत्येकी १८,००० रुपयांवर आणि एक महिला कर्मचारी २२,००० रुपयांवर काम करतात. आतापर्यंत पगाराचा काही भाग रोखीने दिला जात होता. एप्रिलपासून तो पूर्णपणे बँकेतून द्यायचे ठरवले आहे. तसे केल्यावर मला टॅन (करकपात करणाऱ्याचा खाते क्रमांक) घ्यावा लागेल का, पगारातून टीडीएस (रक्कम देतानाच कापला जाणारा आयकर) कापावा लागेल का, आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर सगळ्यांकडून दरमहा २०० रुपये कापला तर पुरेल का? गेले सहा महिने मी तो तसा कापून बाजूला ठेवला आहे, पण नोंदणी झालेली नसल्याने अजून भरलेला नाही. ही चूक माझीच आहे.

व्यवसायाविषयीची आणखी माहिती आवश्यक वाटल्यास विचारावी. गोदामाचे भाडे दरमहा ४०,००० रुपये आहे, आणि माल सुट्या पाकिटांत भरण्याचे काम एका बाहेरच्या गृहस्थांकडून करून घेतो, त्यांना दरमहा साधारण २२,००० रुपये दिले जातात. नोव्हेंबर महिन्यात मालाच्या पैशांची ओढाताण झाली तेव्हा सासऱ्यांकडून दीड लाख रुपये रोख उसने घेतले होते, तेही सांगून ठेवतो.

प्रतिसाद १

पत्नीच्या पगाराबाबत आपली शंका रास्त आहे. कलम ४४ एडीखाली उत्पन्न दाखवताना बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरला जातो, आणि त्या टक्केवारीत कलम ३० ते ३८ खालचे सगळे खर्च आधीच वजा झाले आहेत असे कायदा मानतो. त्यामुळे पगार, भाडे, वीज यांपैकी काहीही त्यानंतर पुन्हा वजा करता येत नाही. आपल्या आकड्यांनुसार १ कोटी १० लाखांवर ६ टक्क्यांनी ६ लाख ६० हजार आणि ३० लाखांवर ८ टक्क्यांनी २ लाख ४० हजार, असे किमान उत्पन्न ९ लाख होते. पत्नीला पगार दिला तरी ते ९ लाखच राहील आणि न दिला तरीही ९ लाखच राहील.

आता दुसरी बाजू पाहा. कलम ६४ नुसार, ज्या व्यवसायात पतीचा भरीव हितसंबंध आहे त्यातून पत्नीला मिळणारा पगार पतीच्याच उत्पन्नात मिळवला जातो. पत्नीकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि मोबदला केवळ त्या ज्ञानामुळे व अनुभवामुळे मिळत असेल, तरच यातून सूट आहे. वाणिज्य पदवी आणि नऊ वर्षांचा हिशेबाचा अनुभव या निकषात बसतो असे म्हणता येईल, आणि पात्रता म्हणजे केवळ पदवी नव्हे असा अर्थ न्यायालयाने लावल्याचेही उदाहरण आहे. परंतु ते सिद्ध करण्याचा भार आपल्यावर राहील आणि वसुलीच्या फोनसारखी कामे त्या युक्तिवादाला बळ देत नाहीत. सूट मिळाली नाही, तर ३ लाखांतून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन २ लाख २५ हजार रुपये आपल्याच उत्पन्नात जमा होतील. म्हणजे खर्च म्हणून ती रक्कम वजा झाली नाही, आणि उत्पन्न म्हणून मात्र परत आली.

एवढा खटाटोप करून साधते काय, तेही पाहू. नव्या प्रणालीत २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७ ए ची ६०,००० रुपयांपर्यंतची सवलत मिळून कर शून्य होतो. पगार न देता आपण प्रत्यक्ष नफा साडेअकरा लाख दाखवलात तरी कर शून्यच आहे. पगार दिल्यावर नफा साडेआठ लाखांवर येईल, तरी किमान ९ लाख दाखवावे लागतील. त्यात २ लाख २५ हजार मिळवले की ११ लाख २५ हजार होतात आणि कर पुन्हा शून्य. आपल्या परिचितांच्या सल्ल्यातून या वर्षी एक रुपयाही वाचत नाही. उलट पुढे उलाढाल वाढली की हीच मिळवलेली रक्कम आपल्याला १२ लाखांच्या पलीकडे ढकलेल, आणि तिथे सवलत संपते.

किमान ९ लाख असताना साडेअकरा लाख दाखवा असे मी का म्हणतो, असा प्रश्न पडेल. त्या टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष मिळकत अधिक असेल तर ती दाखवावी, अशीच कलमाची रचना आहे. शिवाय बँकेतली शिल्लक आणि गुंतवणूक साडेअकरा लाखांची भाषा बोलत असताना विवरणपत्र ९ लाखांचे ठेवणे, तेही कर शून्य असताना, मला शहाणपणाचे वाटत नाही.

प्रतिसाद २

व्यवसाय कराबद्दल लिहितो, कारण हीच चूक मी केली होती. महाराष्ट्रात दरमहा ७,५०० रुपयांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, त्यापुढे १०,००० पर्यंत १७५ रुपये आणि १०,००० च्या वर २०० रुपये आहे; मात्र फेब्रुवारीत ३०० रुपये कापायचे असतात, म्हणजे वर्षाचे २,५०० होतात. महिला कर्मचाऱ्यांना एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर हा कर पूर्ण माफ आहे. त्यामुळे आपल्या महिला कर्मचाऱ्याकडून कापलेले पैसे सर्वांत आधी त्यांना परत करा. उरलेल्या तिघांचे वर्षाला ७,५०० रुपये भरावे लागतील.

त्यासाठी नियोक्ता म्हणून पीटीआरसी नोंदणी लागते आणि आपल्या स्वतःच्या करासाठी पीटीईसी ही वेगळी नोंदणी लागते. पीटीईसीचे वार्षिक २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरायचे असतात. अनेक जण एक नोंदणी घेतात आणि दुसरी विसरतात. कापून ठेवलेला कर स्वतःकडे पडून राहणे हे न कापण्यापेक्षा वाईट दिसते, म्हणून नोंदणी याच आठवड्यात करून घ्यावी.

प्रतिसाद ३

पत्नीला भागीदार करून घेतले तर? तिच्या वाट्याचा नफा तिच्या हाती करमुक्त राहतो आणि तिच्या श्रमांचीही नोंद होते.

प्रतिसाद ४

भागीदारी संस्थेला उत्पन्नाचे टप्पे नसतात. पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर लागतो आणि कलम ८७ ए ची सवलतही मिळत नाही. नफ्याचा वाटा भागीदाराच्या हाती करमुक्त असतो तो संस्थेने आधीच कर भरलेला असतो म्हणून. शिवाय संस्था ४४ एडीखाली गेली तर भागीदारांचा मोबदला वेगळा वजा होत नाही, आणि १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षात २०,००० रुपयांहून अधिक मोबदला किंवा व्याज दिल्यास संस्थेला १० टक्के टीडीएस कापावा लागतो. शून्य कर असलेल्या माणसाला हा रस्ता दाखवू नये.

टीडीएसचा विषय निघालाच आहे तर धागाकर्त्यांनी पगाराची काळजी सोडावी आणि पाकिटे भरणाऱ्या गृहस्थांकडे पाहावे. पगारावरचा टीडीएस कलम १९२ खाली असून तो उलाढाल कितीही असली तरी लागू आहे, पण कर्मचाऱ्याचा अंदाजित कर शून्य असेल तर कापायचे काहीच नसते. नव्या प्रणालीत दरमहा १,०६,२५० रुपयांपर्यंत, म्हणजे वर्षाला १२ लाख ७५ हजारांपर्यंत, पगार असला आणि दुसरे उत्पन्न नसले तर ती स्थिती येते. आपल्या व्यवस्थापकांचे वर्षाचे ४ लाख ५६ हजार होतात, त्यामुळे त्यांचा प्रश्नच उद्भवत नाही.

मात्र मागील आर्थिक वर्षात आपल्या व्यवसायाची उलाढाल १ कोटीच्या वर गेल्यामुळे या वर्षी कलम १९४ सी आपल्याला लागू झाले आहे. एका वेळी ३०,००० रुपयांहून अधिक किंवा वर्षभरात मिळून १ लाखाहून अधिक रक्कम कामाच्या कंत्राटापोटी दिली तर टीडीएस कापावा लागतो. घेणारी व्यक्ती असेल तर दर १ टक्का आहे. दरमहा २२,००० रुपये म्हणजे पाचव्याच महिन्यात १ लाखाची मर्यादा ओलांडली गेली आहे. वर्षाचे २ लाख ६४ हजार, त्यावर २,६४० रुपये. रक्कम किरकोळ आहे, पण तिच्यासाठी टॅन घेणे आणि तिमाही विवरण भरणे अनिवार्य आहे. ४४ एडीत असल्यामुळे यातून सुटका होते हा समज चुकीचा आहे. गोदामाचे भाडे ४०,००० असल्याने तिथे टीडीएस नाही. ती मर्यादा या वर्षापासून महिन्याला ५०,००० झाली आहे.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या सल्लागारांनी दरवर्षी विवरणपत्र वेळेवर भरले, पण १ कोटीची रेषा ओलांडल्यावर काय बदलते हे कधी सांगितले नाही, आणि मीही कधी विचारले नाही. पत्नीशी बोललो. तिचे म्हणणे असे की पगारपत्रक नको, पण दरमहा ठरावीक रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यात यावी. तसे केल्यास तिला कर लागेल का? आणि गेल्या महिन्यांचा न कापलेला टीडीएस आता कसा भरावा? सासऱ्यांच्या रकमेबद्दल एका स्नेह्यांनी सुचवले की ते बक्षीसपत्र करून टाकावे, म्हणजे प्रश्न मिटेल.

प्रतिसाद १

पत्नीच्या खात्यात दरमहा रक्कम जरूर द्या. पतीने दिलेल्या रकमेवर पत्नीला कर लागत नाही, तसेच ती रक्कम आपल्या नफ्यातून खर्च म्हणून वजाही होत नाही. मात्र त्या पैशांची तिने मुदत ठेव केली तर त्यावरचे व्याज आपल्या उत्पन्नात मिळवले जाईल, हे दोघांनीही ध्यानात ठेवावे.

टॅनसाठी ४९ बी हा अर्ज आजच भरावा. पाकिटे भरणाऱ्या गृहस्थांचा पॅन मागून घ्यावा, कारण पॅन नसेल तर दर १ ऐवजी २० टक्के होतो. राहिलेली कपात त्यांच्याशी बोलून पुढच्या बिलांतून करावी. न कापल्याबद्दल दरमहा १ टक्का आणि कापून न भरल्याबद्दल दरमहा दीड टक्का व्याज आपल्या खिशातून जाईल. कापलेला कर पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, आणि मार्चचा ३० एप्रिलपर्यंत, भरायचा असतो. २६ क्यू हे तिमाही विवरण उशिरा भरल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क आहे, परंतु ते कराच्या रकमेहून अधिक होत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतील. २०२५-२६ चे उत्पन्न मात्र १९६१ च्या कायद्यानेच मोजले जाईल.

बक्षीसपत्राचा सल्ला कृपया मानू नका. सासऱ्यांकडून मिळालेले बक्षीस करमुक्त असते हे खरे आहे, पण आपण पहिल्याच निवेदनात ती रक्कम उसनी घेतल्याचे लिहिले आहे आणि खरी गोष्ट तीच आहे. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक उसनवार रोखीने घेण्यास कलम २६९ एसएसखाली मनाई आहे, नातेवाइकांकडूनही, आणि दंड त्या रकमेइतका होऊ शकतो. वाजवी कारण दाखवता आल्यास दंड माफ होण्याची तरतूद आहे. म्हणून नोव्हेंबरमधली मालाची बिले, त्या दिवसांतली बँकेतली शिल्लक आणि सासऱ्यांनी रक्कम कुठून काढली याची नोंद एकत्र ठेवावी, आणि परतफेड करताना ती पूर्णपणे बँकेतूनच करावी, कारण रोखीने परतफेड केल्यास कलम २६९ टीखाली दुसरा दंड उभा राहतो.