चर्चा: घरी काडतुसं भरताना पावडरचा प्रत्येक चार्ज दोनदा तोलावा का?

सांजवारा (ह्यूस्टन):
गेल्या शनिवारी रेंजवर माझ्या .38 स्पेशल रिव्हॉल्व्हरमधून नेहमीच्या दणक्याऐवजी नुसता ‘फट्’ असा आवाज आला. हाताला धक्का नाही, कागदावर भोक नाही. शेजारच्या लेनमधले एक वयस्कर गृहस्थ जोरात ओरडले, “थांब, चाप ओढू नकोस!” म्हणून थांबलो, नाहीतर बोट सवयीनं पुढच्या गोळीकडे वळलंच होतं. रिव्हॉल्व्हर रिकामं करून नळीत पाहिलं, तर गोळी मध्येच अडकलेली. काडतुसाच्या पुंगळीत पावडर नव्हतीच. एकट्या प्रायमरच्या (पावडर पेटवणाऱ्या, पुंगळीच्या बुडातल्या टिकलीच्या) जोरानं गोळी तेवढी सरकली होती. तिच्यामागून दुसरी सुटली असती तर नळी फुटली असती. मग पितळी सळई घालून लाकडी हातोडीनं ती ठोकून काढली.

ते काडतूस मीच घरी गॅरेजमध्ये भरलेलं होतं. ज्यांना या छंदाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो: वापरलेली पितळी पुंगळी साफ करून तिला मूळ आकार द्यायचा, नवा प्रायमर बसवायचा, मोजून पावडर घालायची (तिलाच चार्ज म्हणतात) आणि वर गोळी दाबून बसवायची. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी असं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायचं असेल तर लागतो. 2020 नंतर दुकानांतली काडतुसं गायब झाली तेव्हापासून मी भरतोय.

माझा चार्ज साडेतीन ग्रेनचा. एक ग्रेन म्हणजे जेमतेम 65 मिलिग्रॅम. आपल्या सोनारांच्या हिशोबात सांगायचं तर अख्खा चार्ज दोन गुंजांपेक्षाही कमी. (ईस्ट इंडिया कंपनीनं 1833 मध्ये तोळा ठरवला तो बरोबर 180 ग्रेनचा, त्यामुळे हा हिशोब चोख बसतो.) एवढीशी पावडर, तिच्यात चूक म्हणजे केवढीशी चूक! म्हणून यापुढे मी प्रत्येक चार्ज दोनदा तोलणार आहे. एकदा पॅनमध्ये घेतल्यावर आणि एकदा ओतण्याआधी. वेळ दुप्पट लागला तरी चालेल. मला वाटतं प्रत्येकानं हेच करावं.

पायवाट (फिनिक्स):
तुम्ही सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. पण तुमचा उपाय मला पटत नाही. मी महिन्याला पिस्तुलाची हजारभर 9 मिमी काडतुसं भरतो, स्पर्धांसाठी. एकेक तोलत बसलो तर स्पर्धेला जाणार कधी? माझा प्रेस, म्हणजे काडतुसं भरायचं यंत्र, हँडलच्या प्रत्येक ओढीला पुंगळ्या आपोआप पुढच्या स्थानकावर नेतो. सुरुवातीचे दहा चार्ज तोलायचे, मग दर पन्नासला एक. आणि गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावायचं. प्रेसवर एलईडीची पट्टी लावलीय, पावडरची पातळी लख्ख दिसते. काटा नव्हे, डोळा वाचवतो.

दांडीचा काटा (कोलोरॅडो):
पायवाट, पिस्तुलाच्या आखूड पुंगळीत हे ठीक आहे. रायफलच्या लांब मानेच्या पुंगळीत डोळ्याला काय कळणार? लांब दाण्याची पावडर मापाच्या नळीत अडकते, एका पुंगळीत कमी पडते आणि पुढचीत तेवढीच जास्त. माझ्या .308 रायफलसाठी मी प्रत्येक चार्ज तोलतो आणि तोलतच राहणार. घाई असेल त्यानं दुकानातून विकत आणावीत.

सांजवारा, तुमचा निर्णय योग्य आहे. फक्त एक सांगतो. डिजिटल काटा असेल तर वीस-तीस मिनिटं आधी चालू करून ठेवा आणि एसीची झुळूक त्याच्यावर येऊ देऊ नका. ह्यूस्टनमध्ये एसी बंद ठेवणं अवघड, पण एका फुंकरीनं आकडा हलतो.

मीनल_एन (न्यू जर्सी):
मी बंदुकीला कधी हात लावलेला नाही, नवरा भरतो. पण मी नर्स आहे, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे इन्सुलिन, हेपारिन अशी औषधं देण्याआधी दोघींनी तपासायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. पण दुसरीनं पहिलीचा हिशोब बघून मान डोलवायची नसते. तिनं मूळ ऑर्डरपासून स्वतः मोजायचं असतं. पहिलीचं उत्तर डोळ्यासमोर असलं की दुसरीला तेच दिसतं, आणि ‘ती बघेलच’ म्हणून पहिलीही ढिली पडते. हे मी रात्रपाळीत पाहिलं आहे, स्वतःच्या बाबतीतही.

तुम्ही त्याच काट्यावर, त्याच हातानं, दहा सेकंदांनी पुन्हा तोललंत तर ती दुसरी तपासणी झाली का? मला नाही वाटत. पहिलीच दोनदा झाली.

दांडीचा काटा:
मीनलताई, काटा चोख असेल तर दोनदा तोलण्यात तोटा काय?

मीनल_एन:
काटा चोख आहे हे कुणी तपासलं?

दांडीचा काटा:
याला उत्तर द्यायलाच हवं, कारण हे माझ्याबाबतीत घडलं आहे. दांडीच्या काट्याला दोन सरकती वजनं असतात. लहान वजन ग्रेनचे दहावे भाग दाखवतं, मोठं पाच-पाच ग्रेनच्या खाचांत बसतं. एकदा पुसताना माझं मोठं वजन एक खाच पुढे सरकलं. त्या दिवशी मी वीस चार्ज तोलले, प्रत्येक दोनदा, आणि प्रत्येक वेळी दांडी बरोबर रेषेवर आली. पाच ग्रेननं चुकीची. लक्षात आलं ते पुंगळीत पावडर मानेपर्यंत आली म्हणून.

म्हणजे मला डोळ्यानंच वाचवलं, हे पायवाट यांच्यासाठी कबूल करतो. तेव्हापासून सुरुवातीला आणि दर पंचवीस चार्जनंतर तपासणीचं प्रमाणित वजन काट्यावर ठेवून बघतो. तोलणं मात्र सोडलेलं नाही.

कोथरूडकर (पुणे):
सगळं वाचलं. मूळ प्रश्नच विचारतो: हा उपद्व्याप घरी करायचाच कशाला? आपल्याकडे आर्म्स ॲक्टखाली परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला 2024 मध्ये कांस्य जिंकलं ते काय घरी भरलेल्या काडतुसांवर?

पायवाट:
ती .22 रिमफायर. तिच्या प्रायमरचं मिश्रण पुंगळीच्या काठातच असतं, ती पुन्हा भरत नाहीत. जगभरचे खेळाडू ती कारखान्याचीच वापरतात. इथली गोष्ट सेंटरफायरची, म्हणजे बुडाच्या मधोमध वेगळा प्रायमर असलेल्या काडतुसांची, तुलना लागू पडत नाही. पण तुमची काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

मी मूळ मुद्द्याकडे येतो. सांजवारा, तुम्ही चार्ज कसा घालता ते नीट सांगाल का? प्रेसवर की हातानं?

सांजवारा:
हातानं. पन्नास भोकांच्या लाकडी पाटीत पुंगळ्या उभ्या करतो, पॅनमध्ये चार्ज तोलतो, नरसाळ्यानं पुंगळीत ओतून पुढच्या पुंगळीकडे जातो. म्हणजे एकदा तर मी प्रत्येक चार्ज तोलतच होतो. त्या दिवशी मध्ये भावाचा फोन आला होता, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं चाललंय तिकडे. दहा मिनिटं बोलून परत बसलो.

पायवाट:
मग तुमची चूक काट्यावर झालेलीच नाही! प्रत्येक चार्ज साडेतीन ग्रेन बरोबर होता. तो चुकीच्या पुंगळीत गेला. काटा पॅनमधली पावडर तोलतो, पुंगळीत काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. तुम्ही दोनदा नाही, दहादा तोललंत तरी ती पुंगळी रिकामीच राहिली असती.

आता घाबरवण्यासाठी नाही, पण विचारणं भाग आहे. एक चार्ज रिकाम्या पुंगळीत पडला नाही, तर तो गेला कुठे? त्या दिवशीची उरलेली काडतुसं कुठे आहेत?

दांडीचा काटा:
अगदी हाच प्रश्न. सांजवारा, त्यातलं एकही उडवू नका. .38 स्पेशलची पुंगळी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काळ्या दारूसाठी बेतलेली, म्हणून आतून ऐसपैस. आजची पावडर तिच्या तळाशी जाऊन बसते. दुप्पट चार्ज सहज मावतो, सांडत नाही, गोळीही आरामात बसते. आणि या काडतुसाची दाबाची ठरलेली मर्यादा 17,000 पौंड प्रति चौरस इंच, 9 मिमीच्या निम्म्याहून कमी.

भरलेली काडतुसं तोलून शोधू नका. पुंगळ्या आणि गोळ्या यांच्याच वजनांत काही ग्रेनचा फरक असतो, त्यात साडेतीन ग्रेन लपून जातील. सगळी उघडा.

सांजवारा:
आत्ता गॅरेजमध्ये जातोय. एकसष्ट उरली आहेत.

पायवाट:
तोवर माझं म्हणणं पुरं करतो. पाटी वापरत असाल तर पुंगळ्या प्रायमर वर करून उलट्या ठेवा. एक उचलायची, चार्ज घालायचा, मगच सुलट ठेवायची. फोन आला, दारावर कुणी आलं, तरी कुठे थांबलात ते पाटीच सांगेल. पन्नास झाल्या की टॉर्च घेऊन रांगेनं बघायचं, सगळीकडे पातळी एकसारखी हवी. आणि जमेल तर फुगीर पावडर घ्या, साध्या चार्जलाच निम्म्याहून जास्त पुंगळी भरेल अशी. दुसऱ्यांदा ओतलीत तर बाहेर सांडते, ती चूक दडत नाही.

दांडीचा काटा:
फुगीर पावडरीबद्दल सहमत नाही. पुस्तकात माझ्या गोळीसाठी जी पावडर दिली आहे तीच वापरायची, सोयीसाठी बदलायची नाही. आणि टेबलावर एका वेळी एकच डबा. 4895 नावाच्या दोन वेगवेगळ्या ब्रँडच्या पावडरी एकसारख्या नाहीत, हे किती जणांना माहीत असतं?

पायवाट:
पुस्तकात एका गोळीसाठी पाच-सहा पावडरी दिलेल्या असतात. त्यातली फुगीर निवडा, एवढंच म्हणतोय.

मीनल_एन:
नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं. तो फोन खिशात ठेवून भरायला बसतो हे मला आज कळलं.

सांजवारा:
झालं. काडतूस उघडायच्या हातोड्यात एकेक घालून काँक्रीटवर आपटत होतो, गोळी आणि पावडर आतच पडते. प्रत्येकाची पावडर पॅनमध्ये घेऊन तोलली. 3.5, 3.5, 3.4, 3.5. चाळिसाव्यापर्यंत वाटलं, ते काडतूस मी आधीच उडवून मोकळा झालो असेन.

त्रेचाळिसावं उघडलं आणि पॅनमध्ये ढीग पडला तोच मोठा दिसला. काटा बघायच्या आधीच कळलं. 7.0. ते डब्यात त्या रिकाम्या काडतुसाच्या लगेच पुढच्या रांगेत होतं.

उरलेली अठराही उघडली, ती ठीक आहेत. आता हात थरथरतायत, बाकीचं उद्या लिहितो. फोन इथून पुढे गॅरेजच्या दाराबाहेर राहील.