वडिलांच्या फुफ्फुसात 'बुला' निघालाय, विमानाने नेऊ का?

सिडकोकर: वडील ६८ वर्षांचे, जन्मभर सिन्नरची विडी. परवा एचआरसीटीत (छातीच्या बारकाईने काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये) उजव्या फुफ्फुसाच्या शेंड्याला ६ सेंमीची हवेची पोकळी दिसली. जिना चढले की शर्टाचं वरचं बटण सोडून कठड्याला टेकून उभे राहतात. दादा म्हणतो, नाशिकजवळच्या ओझरहून विमानात बसव, दिल्लीला दाखवू.

छातीवाला: थांबा जरा. वायुकोशांच्या, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, भिंती विरून १ सेंमीहून मोठी पोकळी झाली की तिला बुला म्हणतात. विमान वर गेलं की केबिनमधला दाब उतरतो, अडकलेली हवा सुमारे ३० टक्के फुगते. पोकळी फुटलीच तर न्यूमोथोरॅक्स, म्हणजे हवा फुफ्फुसाबाहेर छातीत साठून फुफ्फुस आकसतं. सगळ्यांचं फुटतं असं नाही, पण छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. अचानक छातीत कळ आली, दम लागला तर तडक इमर्जन्सी.

दिंडोरीची ताई: सीटीची फाईल कायम जवळ ठेवा हो. साध्या एक्स-रेत मोठा बुला न्यूमोथोरॅक्ससारखाच दिसतो, घाईत हवा काढायला छातीत नळी घातली की संपलं. माझ्या आईने विडीला हात लावला नाही, चुलीच्या धुरापुढे मात्र आयुष्य गेलं, तिलाही हेच झालं.

सिडकोकर: दादाला समजावतो. बाबांचं अवघड आहे, काल चष्म्याच्या डबीत दोन विड्या सापडल्या.