रि: रि: तेविसावा कोण? (नियम ४ पुन्हा)

प्रेषक: सुहास
रविवार, २० एप्रिल २०२५, रात्री ९:१२

मंडळी, एनएफएल ड्राफ्टच्या (अमेरिकन फुटबॉलच्या टीम राउंडामागून राउंड आपापल्या नंबराने कॉलेजचे खेळाडू घेतात, तो) आपल्या अंदाज-स्पर्धेचे फॉर्म फक्त एकोणीस आलेत. गुरुवारी संध्याकाळी सातला बंद म्हणजे बंद. "मी पाठवला होता, स्पॅममध्ये गेला असेल" हे यंदा चालणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. नियम तेच: एका घराचा एक फॉर्म, २३ नंबरला पॅकर्स (आपली ग्रीन बेची टीम) कोणाला घेणार त्याचं नाव (नियम ४). नाव चुकलं पण पोझिशन बरोबर आली तर अर्धा गुण. बक्षीस हापूसची पेटी.


प्रेषक: श्रीकांतकाका, ॲपलटन
रविवार, २० एप्रिल, रात्री १०:०५

सुहास, नियम ४ मधलं "२३ नंबरला" हे आधी काढ. मी २०१८ पासून हेच ओरडतोय. पॅकर्सचा जनरल मॅनेजर गुटेकुन्स्ट हा पंगतीत दिलेल्या पाटावर बसणारा माणूसच नाही. २०१८ ला नंबर होता १४. तो सेंट्सना देऊन हा २७ वर गेला, त्यांचा पुढच्या वर्षीचा पहिल्या राउंडचा नंबर पदरात पाडून घेतला, आणि त्याच रात्री सिॲटलशी बोलून परत १८ वर चढला. तिथे जायर अलेक्झांडरला घेतलं. सेंट्सकडून आलेला तो नंबर २०१९ ला ३० निघाला, तर त्यावरून उडी मारून २१. २०२० ला पुन्हा ३० वरून २६, जॉर्डन लव्हसाठी. २०२३ ला क्वार्टरबॅक रॉजर्स जेट्सना दिला, त्या व्यवहारातच त्यांच्याशी १५ चे १३ करून घेतले. सात ड्राफ्टपैकी चारदा नंबर हलला. आणि आपण २३ धरून बसणार?

"पॅकर्सचा पहिला खेळाडू, नंबर कुठलाही असो" असं लिही. दोन शब्दांचं काम आहे.


प्रेषक: सुहास
रविवार, २० एप्रिल, रात्री १०:३१

काका, दोन शब्दांचं नाही. तो खाली उतरत दुसऱ्या राउंडात गेला तर पहिला खेळाडू शुक्रवारी रात्री कळणार. निकाल आम्ही गुरुवारी रात्रीच लावतो म्हणून जाहीर केलंय. शिवाय एकोणीस जणांनी जुना नियम वाचून फॉर्म भरलेत, त्यांचं काय?


प्रेषक: मेधा (खजिनदार)
सोमवार, २१ एप्रिल, सकाळी ७:४८

मी फक्त पैशांबद्दल बोलते. कोणीतरी फॉर्ममागे पाच डॉलर घ्यायचं सुचवलंय. मंडळाच्या खात्यात मी असा एक सेंटही घेणार नाही, पैसे लावायचे असतील तर आपापसांत लावा. दुसरं, १४ की १८ हा २०१८ चा वाद मिटेपर्यंत पेटी आठ दिवस माझ्या गराजात होती. नंतर गाडीत बसलं की महिनाभर आंब्याचा वास. तोही चांगल्या आंब्याचा नव्हे.


प्रेषक: निनाद, मॅडिसन
सोमवार, २१ एप्रिल, दुपारी १२:२०

नंबराचं तुम्ही बघा. पण एकोणीसपैकी अकरा फॉर्मवर एज रशर नाहीतर कॉर्नरबॅक, म्हणजे डिफेन्सचाच खेळाडू आहे असं सुहासदादा म्हणाला, म्हणून लिहितो. सगळे मागचा हिशोब बघून भरतायत. गुटेकुन्स्टने पहिल्या राउंडात आजवर नऊ जण घेतले, त्यातले सात डिफेन्सचे. स्टोक्स, क्वे वॉकर, वायट हे तिघे तर एकट्या जॉर्जिया युनिव्हर्सिटीचे. हिशोब बरोबर आहे, पण यंदा घरात काय संपलंय तेही बघा ना. आपला रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) वॉटसन, त्याचा गुडघा जानेवारीत बेअर्सच्या मॅचमध्ये गेला. म्हणजे धावून बचाव ताणणारा रिसीव्हरच राहिला नाही. टेक्सस युनिव्हर्सिटीचा मॅथ्यू गोल्डन कंबाइनला (ड्राफ्टआधीच्या चाचणीत) चाळीस यार्ड ४.२९ सेकंदांत पळाला. मी त्याचं नाव दिलंय, उघड सांगतो.

मॉक ड्राफ्ट (जाणकारांचे छापील अंदाज) वाचून भरणाऱ्यांना एकच सांगणं: मॉकवाले एकमेकांचे मॉक वाचतात. यंदा पहिल्या राउंडात दर टीमला दहा मिनिटं आहेत, आणि आपल्याआधी बावीस नंबर आहेत. त्यातल्या एकाने जरी भलताच उचलला तरी खालची सगळी ओळ सरकते.


प्रेषक: श्रीकांतकाका, ॲपलटन
सोमवार, २१ एप्रिल, दुपारी १:०२

निनाद, रिसीव्हर? पहिल्या राउंडात? अरे कुळाचार आहे तो पॅकर्सचा, रिसीव्हर दुसऱ्या राउंडात घ्यायचा. जेनिंग्ज, जॉर्डी नेल्सन, कॉब, दावांते ॲडम्स, तुझा वॉटसन, जेडन रीड, सगळे दुसऱ्यातले. पहिल्यात शेवटचा जावॉन वॉकर, २००२ ला. तेव्हा तू शाळेतसुद्धा नव्हतास.

आणि हे मी नुसता प्रेक्षक म्हणून सांगत नाही. पॅकर्सचा २०२१ चा माझा एक शेअर आहे, ३०० डॉलरचा, हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. लाभांश नाही, विकता येत नाही. आमच्याकडे सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाला दिवाळीला निदान साखर तरी मिळते.


प्रेषक: अनघा (सांस्कृतिक समिती)
सोमवार, २१ एप्रिल, संध्याकाळी ६:४०

लेझीमची तालीम गुरुवारी साडेसहा ते साडेआठ आहे, हॉलचे पैसे भरलेत. चार मुलांनी कळवलंय की ते त्या दिवशी ग्रीन बेला जाणार. कार्यक्रम ३ मेला आहे. ड्राफ्ट विस्कॉन्सिनात पहिल्यांदाच आलाय हे मला मान्य आहे, पण चार मुलं कमी झाली तर रांगच बसत नाही. स्पर्धा क्रीडा समितीची असली तरी तारखा आमच्याशी बोलून ठरवायच्या असं मागच्या सभेत ठरलं होतं.


प्रेषक: विलास
सोमवार, २१ एप्रिल, रात्री ८:१५

तपशिलासाठी: पहिल्यांदा नाही. १९४० चा ड्राफ्ट मिलवॉकीतच झाला होता, श्रोडर हॉटेलात, डिसेंबर १९३९ मध्ये. ग्रीन बेला पहिल्यांदा.


प्रेषक: अनघा
सोमवार, २१ एप्रिल, रात्री ८:२२

विलास, तेव्हा लेझीमची तालीम नव्हती.


प्रेषक: सुहास
मंगळवार, २२ एप्रिल, सकाळी ९:००

तारीख एनएफएलने ठरवली, मी नाही. मुलांचं मी बघतो, दोघांना शुक्रवारी पाठवू.

नियम ४: समितीत बोललो (म्हणजे मी आणि प्रशांत). "पॅकर्सचा पहिला खेळाडू, पण तो गुरुवारी रात्रीच्या आत घेतला तर. नाहीतर स्पर्धा रद्द, पेटी मंडळाला." फॉर्म बदलायचा असेल तर उद्यापर्यंत बदला.


प्रेषक: श्रीकांतकाका, ॲपलटन
मंगळवार, २२ एप्रिल, सकाळी ९:१७

"रद्द" का? माणूस विचार करून लिहितो की तो नंबर विकून खाली उतरेल, मग त्याचा विचार बरोबर ठरला म्हणून त्यालाच शिक्षा? त्याला अर्धा गुण तरी द्या. बाकी माझ्याकडे तीन दिवसांत सतरा पाहुणे आहेत. हॉटेलं मिळत नाहीत म्हणून सगळ्यांना एकदम माझी आठवण झालीय. पांघरुणं आपापली आणा.


प्रेषक: मेधा (खजिनदार)
मंगळवार, २२ एप्रिल, सकाळी ९:४०

पेटी मंडळाला म्हणजे माझ्या गराजात. नको.


प्रेषक: श्रीकांतकाका, ॲपलटन
शुक्रवार, २५ एप्रिल, पहाटे १:३५

आत्ता घरी पोचलो. लॅम्बो स्टेडियमच्या बाहेर उभा होतो. माझ्यापुढे सहा फुटी माणूस, डोक्यावर ते फोमचं पिवळं चीज, त्यामुळे स्टेज मला अर्ध्या त्रिकोणाएवढंच दिसलं. नाव ऐकूच आलं नाही. "वाइड रिसीव्हर" ऐकलं आणि पुढचं सगळं गर्दीच्या ओरडण्यात गेलं. शेजारच्या पोराने फोन दाखवला तेव्हा गोल्डन. तेवीस वर्षांनी कुळाचार मोडला, आणि मीही ओरडत होतो, खोटं कशाला बोलू. निनाद, शाब्बास.


प्रेषक: सुहास
शुक्रवार, २५ एप्रिल, सकाळी ८:०५

आणि २३ नंबरलाच घेतला, काका. हलला नाही.

निकाल: निनाद, पूर्ण गुण. अनघाताईंच्या घरच्या फॉर्मवर नाव नाही, "टेक्ससचा रिसीव्हर" असं आहे, म्हणून अर्धा. पेटी निनादची.


प्रेषक: अनघा
शुक्रवार, २५ एप्रिल, सकाळी ८:३०

मला आंब्याचं काही नाही. पण टेक्ससचा रिसीव्हर म्हणजे गोल्डनच ना? आमच्या चिरंजीवांनी भरला होता, त्याला स्पेलिंगची खात्री नव्हती. तालमीला थांबलेला तो एकटा.


प्रेषक: निनाद, मॅडिसन
शुक्रवार, २५ एप्रिल, सकाळी ८:५१

मला पेटी वाटून घ्यायला काहीच हरकत नाही. पण नियमाचं म्हणाल तर या ड्राफ्टमध्ये टेक्ससचा रिसीव्हर गोल्डन एकटाच नव्हता, बाँडही होता.


प्रेषक: श्रीकांतकाका, ॲपलटन
शुक्रवार, २५ एप्रिल, सकाळी ९:१०

बाँडला पहिल्या राउंडात कोण घेणार होतं? पोराला गोल्डनच म्हणायचं होतं. नियम ४ मध्ये नाव म्हणजे आडनाव की ओळख पटेल असं वर्णन, हे कुठे लिहिलंय? मी रविवारीच म्हटलं होतं की हा नियम नीट लिहा.


प्रेषक: सुहास
शुक्रवार, २५ एप्रिल, सकाळी ९:१४

काका, तुम्ही नंबराबद्दल म्हटलं होतं.


प्रेषक: विलास
शुक्रवार, २५ एप्रिल, सकाळी ९:४५

बेअर्सनी १० नंबरला मिशिगनचा टाइट एंड घेतला, लव्हलंड. पेन स्टेटचा वॉरन मोकळा असताना. यावर कोणी काही बोलणार आहे का?


प्रेषक: मेधा (खजिनदार)
शुक्रवार, २५ एप्रिल, सकाळी १०:२०

पेटी आज शिकागोला उतरतेय, उद्या सकाळी मी आणायला जातेय. बारा आंबे आहेत. तोपर्यंत ठरलं तर सहा-सहा, नाही ठरलं तर ३ मेच्या जेवणात आमरस. गराज बंद आहे.


प्रेषक: श्रीकांतकाका, ॲपलटन
शुक्रवार, २५ एप्रिल, सकाळी १०:२३

मेधा, दीडशे पानांना बारा आंबे कसे पुरणार?