वडिलांच्या पहिल्या आखाजीला आठवणींची पुस्तिका : काय लिहावे, काय वगळावे?

तापीकाठ (यावल तालुका)

सर्वांना नमस्कार. आम्ही भावंडे ज्यांना नाना म्हणत असू आणि नातवंडे ज्यांना आबा म्हणत, ते माझे वडील माघात गेले. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. त्या दिवशी बहिणी, जावई, भाचेमंडळी असे सगळेच घरी असतील, म्हणून वीसेक पानांची पुस्तिका छापून प्रत्येकाच्या हाती द्यावी असे मनात आहे. पण लिहायला बसलो की जन्म, लग्न, शेती, अपत्ये असे चार ओळींत सगळे संपून जाते. ते कधी सरपंच नव्हते, सोसायटीवर नव्हते आणि चारचौघांत बोलायलाही उभे राहिले नाहीत. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांच्या लागणी, घर आणि आई, एवढ्यातच त्यांचे आयुष्य गेले.

मधुमेहामुळे आईची दृष्टी गेली. त्यानंतर नऊ वर्षे रोज सकाळी नाना तिची वेणी घालत. केळीच्या चिकाचे काळे डाग किती चिवट असतात, हे इथल्या बागायतदारांना सांगायला नको. ते डाग आईच्या पांढऱ्या केसांना लागू नयेत म्हणून ते आधी बोटांना खोबरेल चोळत, फडक्याने एकेक बोट पुसत आणि मगच फणी हातात घेत. मला हे लिहावेसे वाटते. थोरले बंधू म्हणतात की नवरा-बायकोमधली गोष्ट छापू नये. आईला विचारले, तर ती फक्त “चांगले होते” म्हणते आणि गप्प होते. जाणत्यांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त शिक्षक, अमळनेर

आपल्या दुःखात सहभागी आहे. जन्मतारखेपासून सुरुवात करूच नका, कारण ती शोकपत्रिकेत छापून झालेली असते. नानांच्या शेतीच्या वह्या आधी शोधा. लागणीची तारीख, मजुरी, व्यापाऱ्याची पट्टी यांच्यामध्येच घरच्या नोंदी दडलेल्या असतात. माझ्या वडिलांच्या वहीत सरकीच्या हिशेबाखाली “धाकटीला चप्पल, उद्या” अशी ओळ सापडली आणि ती धाकटी बहीण, आज स्वतः आजी असूनही, ते पान छातीशी धरून बसली होती.

दुसरे असे की, जुन्या माणसांना सालांपेक्षा प्रसंग लक्षात राहतात. १९७२ च्या दुष्काळात घरात मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरी होत होत्या का, बंडिंगच्या कामावर कोण जात होते, केळीची जुनी बसराई जात सोडून टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपे पहिल्यांदा कधी लावली, असे त्यांच्या बरोबरीच्या माणसांना विचारा. साल आपोआप लागेल आणि त्या साली नाना काय करत होते, हेही कळेल.

गिरणाकाठची

दादा, “नाना कसे होते” या प्रश्नाला कोणतीही आई “चांगले होते” असेच उत्तर देईल. माझ्या आईनेही तेच दिले होते. पुढे एकदा कुरडयांचा चीक हाटताना मी सहज विचारले की वडिलांना ताटात काय आवडत नसे, आणि चीक शिजून गेला तरी तिचे बोलणे थांबले नाही. शेतातून कितीही रात्री आले, तरी ओट्यावरूनच “जेवन व्हयनं का?” असे ते तिला विचारत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. नानांचे असे शब्द असतील, तर ते त्यांच्या बोलीतच ठेवा, पुस्तकी करू नका. मी आईचा आवाज फोनवर घेऊन ठेवला नाही, याची खंत आजही आहे. तुम्ही तेवढे नक्की करा.

वेणीबद्दल ठरवण्याचा अधिकार बंधूंचा नाही आणि तुमचाही नाही. तो मावशींचा आहे. शिवाय हे लिहिणे ज्यांना सर्वांत जवळचे, त्यांना ते वाचता येणार नाही, म्हणून प्रत्येक पान त्यांच्याजवळ बसून मोठ्याने वाचायचे आहे हे धरूनच लिहा.

चोपड्याचा नातू

माझ्या आजोबांवर आम्ही असेच लिहिले, तेव्हा सर्वांत नेमके नातवंडांनी लिहिले. त्यांना निबंध लिहायला सांगू नका. आबांच्या खिशात काय असायचे, एवढेच विचारा.

तापीकाठ (यावल तालुका)

सर्वांचा ऋणी आहे. ताईंनी म्हटल्याप्रमाणे काल संध्याकाळी आई लसूण सोलत असताना तिच्याजवळ बसलो आणि फणी कुठे ठेवली आहे, एवढेच विचारले. तिने ती उशाखालून काढली. मग सांगू लागली की पहिले दोन-तीन महिने वेणी दुपारपर्यंत सुटून जात असे, शेजारच्या काकू घट्ट घालून देते म्हणत, पण ती त्यांना हात लावू देत नसे, कारण संध्याकाळी बागेतून आल्यावर नाना आधी वेणीकडे पाहत. छापू का म्हणून विचारले, तर म्हणाली, “लिही, पण त्यांना जमायला लागलं होतं, तेही लिही.” बंधू दारात उभे राहून ऐकत होते. आज वह्यांची पेटी त्यांनीच माळ्यावरून खाली काढून दिली.