लाईट नाही, रेंज नाही, फक्त तुम्ही दोघं (तंबूतले अनुभव)

शेवंती:
काल संध्याकाळी आमच्या इथली डीपी जळाली आणि साडेसातपासून पावणेबारापर्यंत लाईट नव्हती. इन्व्हर्टरने तासाभरात मान टाकली. लेक मित्राकडेच थांबला. आम्ही दोघं गॅलरीत, मधे मेणबत्ती, ताटात गार वरणभात. बराच वेळ गप्प बसून झाल्यावर नवरा म्हणाला, "मुंग्या सोडल्या तर सगळं भंडारदऱ्यासारखंच." मला इतकं हसू आलं की ताट कलंडलं.

तर ते भंडारदरा. २०१६, जूनचा पहिला आठवडा, लग्नाचा दहावा वाढदिवस. मी फोटो बघून तंबू बुक केला होता. पांढरे पडदे, लाकडी पलंग, कंदील, समोर धरणाचं पाणी. खाली लिहिलेलं, "लाईट नाही, रेंज नाही, फक्त तुम्ही दोघं." नवऱ्याने ते वाचून विचारलं, "आणि ह्याचे हे लोक जास्तीचे पैसे घेतात?"

तंबू खरंच देखणा होता, खोटं कशाला बोलू. पलंगावर टॉवेलचे दोन हंस आणि गुलाबपाकळ्यांचा मोठा बदाम, मधोमध चार चॉकलेटं. जवळ गेलो तर बदामाची कड हलत होती. लाल मुंग्या! हंसांच्या मानेपर्यंत चढलेल्या. चादर झटकेपर्यंत अंधार पडला आणि आठच्या सुमाराला वळीव आला. वारा असा की एका बाजूच्या खुंट्या उपटल्या, पलंगाचा निम्मा भाग ओला. मालकाचा मुलगा पोतं डोक्यावर घेऊन पळत आला, "ताई, सामान राहू द्या, तुम्ही चला."

त्यांच्या घरात चुलीपुढे बसलो. आजींनी नागलीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं वाढलं. घरी गॅसचा लायटर कुठे असतो हे ज्याला माहीत नाही तो माझा नवरा फुंकणी घेऊन जाळ करत होता, डोळ्यांतून पाणी. पाऊस थांबल्यावर तो मुलगा म्हणाला, काजवे बघायला चला. चिखलातून दहा मिनिटं गेलो. एक सादड्याचं झाड होतं. ते अख्खं पेटायचं, अख्खं विझायचं, परत पेटायचं. फोटो येत नाही त्याचा. तिथे उभ्या उभ्या नवऱ्याने सांगितलं की त्याचं प्रमोशन हुकलंय. तीन महिने झाले होते. मी काही बोलले नाही, तोही नंतर काही बोलला नाही.

रात्री ओल्या तंबूतच झोपलो. शेजारच्या तंबूत कोणीतरी भयंकर घोरत होतं, मधे नुसतं कापड. सकाळी चहाला त्या लोकांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून कळलं की आवाज आमच्याच तंबूतला होता.

तुमचेही अनुभव लिहा. तंबू, माळा, होडी, गच्ची, काहीही चालेल. वीज मात्र नको.

तिसरी_शिट्टी:
भारीच गं! आमचं पवना. कुकर लावलाय, येते.

गोदाकाठ:
संडास तंबूला जोडून होता का लांब? (हा प्रश्न बुकिंगच्या आधी विचारावा असं माझं अनुभवांती ठाम मत झालंय.)

शेवंती:
लांब. साठ पावलं. मोजलीयेत.

गोदाकाठ:
संपला रोमान्स.

अकोलेकर:
अकोले, नगर जिल्ह्यातलं. विदर्भातलं अकोला नाही, दरवेळी सांगावं लागतं. शेवंतीताई, तुम्ही बरोबर वेळेला आलात. मेअखेर ते मोठा पाऊस लागेपर्यंत काजव्यांचा खरा हंगाम. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, ह्या झाडांवर जास्त. ती लुकलुक म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. तिला तो पसंत पडला तर तीही उजेडानेच उत्तर देते. आता ह्यात कोणी गाडीची हेडलाईट मारली की ठरत आलेली बोलणी फिसकटतात. आणि शनिवारी रात्री इकडे गाड्यांची रांग लागते, वर प्रत्येकाच्या मोबाईलची बॅटरी चालू. काजवा बघायला येतात आणि उजेड पाडतात! यायचं तर मधल्या वारी या, बॅटरीला लाल कागद लावा, गाडी लांब उभी करा आणि काजवे बाटलीत भरू नका. हो, भरतात लोक.

दोन_आडनावं:
आमचं लग्न होऊन चार महिने झाले होते. माझं आडनाव बदललेलं नाही, मंगळसूत्र घालत नाही. तंबूवाले काका आधार कार्डं उलटसुलट करून बघतायत. लग्नाचे फोटो दाखवू म्हटलं तर सगळे क्लाउडवर आणि तिथे रेंजचा पत्ता नाही. ("रेंज नाही" ह्याचेच पैसे दिलेले.) शेवटी काकांच्या आई आल्या. मला बाजूला नेऊन विचारलं, सासूचं नाव काय? मी सांगितलं. मग नवऱ्याला बाजूला घेतलं. त्याला माझ्या आईचं नाव आठवेना! तो तिला आईच म्हणतो. "आई... आई..." करत उभा. मी पास, हा नापास. चावी मिळाली, पण मी दोन दिवस धड बोलले नाही त्याच्याशी.

उत्तररात्र:
नापास :))))) आत्ता आमच्या ह्यांना विचारलं. म्हणे, "थांब, पत्रिकेवर होतं."

तिसरी_शिट्टी:
आले. वरण खाली लागलं, तुमच्यामुळे.

तर पवना. पाण्यात तुंगचा सुळका, मागे तिकोना, जागेला नावं ठेवायला जागाच नाही. पण आपण एकटे असू अशी कल्पना होती, तिथे चाळीस तंबू. सगळे केशरी, सगळे सारखे, एकमेकांना खेटून. अकरापर्यंत कराओके. बारा वाजता पाच जणांचे वाढदिवस, पाच केक, पाच वेळा तेच गाणं. दीड वाजता मी संडासला गेले. परत येऊन चेन उघडली, आत शिरले, पायाशी बसून म्हटलं, "अरे सरक ना जरा." अंधारातून एक अगदी नम्र आवाज आला, "काकू, तुमचा बहुतेक शेजारचा."

मी तेव्हा ३१ वर्षांची होते. काकू!

आता कुठेही गेलो की नवरा आधी माझी ओढणी तंबूच्या दोरीला बांधतो.

विहीरवाले_आप्पा:
तुमचं वाचून गंमत वाटली. आमचं लग्न १९७९ चं. गाव बार्शीकडे. घरात माणसं अकरा आणि खोल्या तीन. नव्या जोडप्याने बोलायचं कुठं? मग मीच वडिलांना म्हणायचो, जोंधळ्याला रानडुकरं लागलीत, राखणीला जातो. रानात चार मेढी रोवून केलेला माळा. मंडळी जेवण घेऊन यायची आणि उशीर झाला म्हणून राहायची. सगळ्या घराला कळत होतं, बोलत कोणी नव्हतं. एक घोंगडं, एक कंदील, रॉकेल बेताचं. मग कंदील मालवायचा. गोफण तिची माझ्यापेक्षा लांब जायची, हे मी तिच्यासमोर अजून कबूल केलेलं नाही. डुकरं त्या साली दोनदाच आली. ह्याचे पैसे लावतात हे आमच्या वेळी माहीत असतं तर दुसरा माळा बांधला असता.

भाकरतुकडा:
आप्पा, हुरडा कुठला होता? गूळभेंडी?

विहीरवाले_आप्पा:
गूळभेंडीच. बाकीची नावं नंतर कानावर आली.

भाकरतुकडा:
सोबत लसणाची चटणी का शेंगदाण्याची?

शेवंती:
धागा भरकटतोय. (शेंगदाण्याची. आणि दही.)

कोकणकडा_नव्हे:
लसूण. वादच नाही.

मेंढ्यांच्या_देशा:
इकडे वेल्समध्ये, एलन व्हॅलीजवळ. ही तीच धरणं जिथून बर्मिंगहॅमला पाणी जातं. मी मूळची डोंबिवलीची, नवरा कोल्हापूरचा. व्हिसाच्या भानगडीत लग्नानंतर सात महिने वेगळे राहिलो होतो, म्हणून पहिल्या सुट्टीला "शेफर्ड्स हट" घेतली. मेंढपाळाची लोखंडी चाकांवरची लाकडी खोली. पूर्वी मेंढ्या व्यायच्या दिवसांत तो त्यात राहायचा, आता आम्ही. आत छोटीशी शेगडी, तिच्यात लाकडं घालायची. तीच हीटर, तीच गॅस.

पहिल्या दिवशी ती पेटवायला कोल्हापूरला दोन तास लागले. लाकडं दमट. खोलीभर धूर, दार उघडावं तर पाऊस आत. दारात मेंढ्या येऊन उभ्या, रवंथ करत बघतायत. मालकीणबाईंनी ठेवलेल्या टोपलीत ब्रेड, अंडी, लोणी, घरचा जॅम. तिखट म्हणून काही नाही. मी बॅगेतून मेतकूट काढलं तेव्हा ह्याच्या चेहऱ्यावर जे प्रेम दिसलं ते लग्नातल्या एका फोटोत नाही.

तीन दिवस पाऊस. शेवटच्या रात्री दोनला उघडला. तो भाग २०१५ पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क आहे, म्हणजे अंधारच राखीव. आकाशगंगा म्हणजे काय ते मी तोवर फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिलं होतं. डोंबिवलीला कुठली दिसायला.

गोदाकाठ, तुमच्यासाठी: कंपोस्ट संडास. पाणी नाही. झाल्यावर लाकडाचा भुसा टाकायचा. वास येत नाही, शपथ.

गोदाकाठ:
भुसा कोण टाकतं?

मेंढ्यांच्या_देशा:
ज्याचा त्याने.

गोदाकाठ:
मग ठीक आहे. धुवायला पाणी?

मेंढ्यांच्या_देशा:
बाटली नेली होती. डोंबिवली झिंदाबाद.

उत्तररात्र:
आमचा अनुभव तांत्रिक आहे. नवऱ्याला घोरण्याचा त्रास, झोपताना सीपॅप मशीन लागतं. शेवंती, तुमच्या ह्यांनाही एकदा दाखवून घ्या, चेष्टा नाही करत. डिसेंबर २०२३, मिथुन राशीतला उल्कावर्षाव बघायला वेल्ह्याकडे गेलो. अमावस्या नुकतीच झालेली, त्यामुळे चांदण्याचा अडथळा नाही. फोनवर "सोलर आहे" म्हणाले होते. सोलर होतं, एक दिवा आणि एक मोबाईल एवढंच. मशीन कशावर चालवणार? गाडीतल्या सॉकेटवर. मग काय, पांढऱ्या पडद्यांचा तंबू रिकामा आणि आम्ही वॅगनआरमध्ये सीटा पाडून. ह्यांच्या नाकावर मास्क, मी काच थोडी खाली करून दोन गोधड्यांत. तेरा उल्का मोजल्या. चौदाव्याला ह्यांनी मास्कमधून काहीतरी म्हटलं. मला वाटलं "सुंदर". सकाळी कळलं, "काच लाव."

मोती_नाही_माती:
२८ मार्च २०२०चं बुकिंग. २५ला लॉकडाऊन. पैसे परत नाहीत, व्हाउचर दिलं. नंतर ती जागाच बंद झाली. आम्ही सोसायटीच्या गच्चीवर मच्छरदाणी बांधली. पाण्याच्या टाकीचा आवाज म्हणजे धबधबा असं ठरवलं. अर्ध्या तासाने वॉचमन आला, म्हणाला तिसऱ्या मजल्यावरून तक्रार आलीय.

तिसरी_शिट्टी:
तिसऱ्या मजल्यावर कोण होतं?

मोती_नाही_माती:
सासूबाई.

रिकामी_खुर्ची:
बरेच दिवस नुसतं वाचतो, आज लिहितो. २०१९. बायकोची तिसरी केमो झाली होती. तिला तारे बघायचे होते, दवाखान्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची लिफ्टच दिसायची. डॉक्टर दोन दिवसांसाठी हो म्हणाले. जागेचं नाव लिहीत नाही. तिला तंबूत कोंदटल्यासारखं झालं तर तिथल्या दोन मुलांनी अख्खा पलंग उचलून नदीकाठी नेऊन ठेवला. तिने मला मृग दाखवलं, कृत्तिका दाखवल्या, व्याध दाखवला. तिच्या वडिलांनी शिकवलं होतं तिला. मग मला झोप लागली. ती जागीच होती, पहाटेपर्यंत. मी सकाळी चिडलो, उठवलं का नाहीस. म्हणाली, किती महिन्यांनी घोरत होतास.

शेवंती:
दादा.

विहीरवाले_आप्पा:
वाचलं.

भाकरतुकडा:
काही सुचत नाहीये लिहायला.

अकोलेकर:
रिकामी_खुर्ची, इकडे कधी यावंसं वाटलं तर या. आमच्या घरामागून व्याध छान दिसतो. राहायचे पैसे वगैरे नाहीत.

रिकामी_खुर्ची:
बघतो. आभारी आहे.

नवीन_सभासद:
नमस्कार, अनुभव छान. भंडारदऱ्याच्या त्या तंबूवाल्यांचा नंबर मिळेल का? आम्ही सहा जण आहोत, म्युझिक सिस्टिम आणली तर चालेल का?

अकोलेकर:
नाही.

गोदाकाठ:
नाही.

तिसरी_शिट्टी:
पवन्याला जा हो तुम्ही. :)

शेवंती:
मीही सांगते, ते लोक आता तंबू लावत नाहीत. दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. आजी नाहीत. मुलाने घराला लागून दोन खोल्या काढल्यात, टाईल्सचा संडास, जोडून (गोदाकाठ, ऐकताय ना). सादड्याचं झाड आहे. आम्ही गेलो तेव्हा ऑक्टोबर होता, त्यामुळे नुसतंच झाड. तरी नवरा त्याच्याखाली जाऊन दोन मिनिटं उभा राहिला. मी विचारलं, आता काय हुकलं? म्हणाला, काही नाही, मुंग्या बघतोय.

थांबा, परत लाईट गेली. फोन सात टक्के. उरलेलं उद्या वाचते.