शिकवणीच्या कामासाठी रेझ्युमे: कौशल्यांत काय लिहावं?

प्रश्न: आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवणीसाठी अर्ज करायचा आहे. शाळेतला अनुभव नाही, घरी चार मुलांना शिकवलंय. कौशल्यांत ‘संयम, संवादकौशल्य, मेहनती वृत्ती’ लिहिलंय, पण वाचताना पोकळ वाटतं. त्याऐवजी काय लिहू?

खडूफळा: पोकळ वाटतं, कारण हे तीन शब्द कुठल्याही अर्जात खपून जातात. शिकवणीत खरं मोल आहे ते मुलाचं गाडं नेमकं कुठे अडलंय हे ओळखण्याला. मग तेच लिहा: ‘पहिल्या तासाला २० मिनिटांची चाचणी घेऊन कच्चे घटक शोधणे, प्रत्येक मुलाच्या चुकांची वही ठेवणे.’ अर्थात, खरोखर करत असाल तरच, कारण मुलाखतीत त्यावरच खोदून विचारतात. एक उदाहरण तयार ठेवा. १/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्या मुलाची बेरीज कच्ची नसते; अंश आणि छेद या त्याला दोन सुट्या संख्या वाटतात. त्याला लसावि घोकायला लावून काही होत नाही. कागदाची पट्टी दुमडून २/५ हे १/२ पेक्षा लहान आहे हे दाखवायचं आणि विचारायचं, ‘मिळवल्यावर कमी कसं झालं?’ चूक त्याची त्यालाच सापडते.

पाटीपेन्सिल: अनुभव आकड्यांत मांडा: ‘४ विद्यार्थी, आठवी-नववी, आठवड्याला ३ तास’, आणि पुढे किती महिने ते. गुण वाढल्याचं लिहायचं तर आधीचे आणि नंतरचे दोन्ही द्या, तेही एकाच प्रकारच्या परीक्षेचे. २० गुणांची घटक चाचणी आणि पूर्ण अभ्यासक्रमाची वार्षिक परीक्षा यांची तुलना फसवी ठरते. मुलांची किंवा त्यांच्या शाळेची नावं कृपया टाकू नका.

तिसरा बाक: ऑनलाइन शिकवणार असाल तर ‘संगणकाचं ज्ञान’ पुरेसं नाही. पेन टॅबलेटवर समीकरणं लिहिता येतात का, ते सांगा. माऊसने वर्गमुळाचं चिन्ह काढण्यात तास निघून जातो. पालकांना महिन्याला लेखी अहवाल देत असाल तर तेही घाला, बरेच जण ते विसरतात.

प्रश्नकर्ता: शाळेतला अनुभव नाही, हे लिहायचं का?

खडूफळा: नाही. विचारलं तर खरं सांगा. रेझ्युमे एकच पान, पीडीएफमध्ये. वर शिकवता ते घटक आणि इयत्ता, खाली पदवी.